कुंचा कोणाच्या हाती?



गणपती गावाला गेले आणि नवरात्राचे दिवस जवळ आले, की कोल्हापुरात घरोघरी साफसफाई सुरू होते. गाद्या-गोधड्या उन्हात पडतात, भांडी माळ्यावरून खाली येतात आणि पावसाळ्यात काळवंडलेल्या भिंतींकडे घरातल्या मोठ्या माणसांचे लक्ष जाते. मग एक प्रश्न हमखास निघतो : यंदा रंगारी बोलवायचा, की घरच्या घरीच रंग द्यायचा?

प्रश्न पैशांचा वाटतो, आणि बहुतेक घरांत तो पैशांच्याच हिशेबाने सुटतो. मजुरीचा आकडा ऐकून कोणी म्हणतो, "त्यात काय आहे? कुंचा बुडवायचा आणि भिंतीवर फिरवायचा!" दुसरा म्हणतो, "नको, ते आपले काम नव्हे." माझ्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. भिंत रंगवणे हे रसायनशास्त्राचे, पदार्थविज्ञानाचे आणि आरोग्याचेही काम आहे. ते कोणी करावे हे ठरवण्याआधी भिंतीवर काय घडते ते समजून घ्यायला हवे. तेवढे समजले, की कोणते काम आपले आणि कोणते कसबी माणसाचे, हे तुम्हीच सांगू शकाल.

पूर्वी घरे कोण रंगवत असे?

स्वतःचे घर स्वतः रंगवणे ही परदेशातून आलेली कल्पना आहे असे काहींना वाटते. तसे मुळीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यांत मातीच्या भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा करणे, जमीन सारवणे, काव किंवा गेरूचे पट्टे ओढणे, चुना देणे ही कामे घरचीच माणसे करीत, आणि त्यांतही बहुतांश कामे घरच्या स्त्रिया करीत. त्यांना कोणी रंगारी म्हटले नाही, त्यांची मजुरीही कोणी मोजली नाही. पण कोणत्या मातीत किती पाणी घालावे आणि पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा का देऊ नये, हे ज्ञान त्यांच्याकडे होते.

हे रंग आसपासच्या जमिनीतूनच येत. काव आणि गेरू यांचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी या भागांतील जांभ्या दगडाला आणि तांबड्या मातीला जो रंग आहे, तोही लोहाच्या ऑक्साइडांचाच. हा रंग उन्हाने उडत नाही, कारण लोहाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन गेलेला असतो. म्हणजे तो आधीच गंजलेला आहे. आणखी बिघडायला त्यात फारसे काही उरलेले नाही!

चुन्याची गोष्ट

आता चुन्याकडे वळू. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मागे राहते. चुनकळीवर पाणी घातले की ती फुलते, फुटते आणि इतकी उष्णता बाहेर टाकते की पाण्याला उकळी फुटू शकते. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो भिंतीवर दिला की हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होते. थोडक्यात, आपण भिंतीवर पातळ चुनखडीचा थर चढवत असतो. वर्गात चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते, तीच ही क्रिया.

या क्रियेला ओलावा लागतो. कार्बन डायऑक्साइड आधी पाण्यात विरघळतो आणि मगच चुन्याशी त्याचा संयोग होतो. म्हणून चुना देण्यापूर्वी भिंतीवर पाणी मारण्याची पद्धत आहे. कोरड्या, तापलेल्या भिंतीवर चुना दिला तर पाणी भिंतीत शोषले जाते, क्रिया अर्धवट राहते आणि नंतर हात लावला की पांढरी पूड हाताला लागते.

चुना देणारा नवशिका आणखी एका ठिकाणी हमखास फसतो. पहिला हात दिल्यावर भिंत पांढरी दिसतच नाही. खालचा डाग तसाच दिसतो. नवशिक्याला वाटते, चुना पातळ झाला. तो घट्ट चुना फासतो. दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीशुभ्र होते खरी, पण महिन्याभरात तिचे पोपडे सुटतात. असे का व्हावे? याचे उत्तर तुमच्या प्रकाशाच्या धड्यात आहे. कॅल्शियम कार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे 1.6, पाण्याचा 1.33 आणि हवेचा जवळजवळ 1. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरक जितका जास्त, तितका त्यांच्या सीमेवर प्रकाश अधिक विखुरतो. ओल्या थरात चुन्याच्या कणांभोवती पाणी असते, म्हणून फरक थोडा आणि थर अर्धपारदर्शक. वाळल्यावर पाण्याची जागा हवा घेते, फरक वाढतो, प्रकाश सर्व बाजूंना विखुरतो आणि भिंत पांढरी दिसते. जुनी माणसे "वाळू दे, मग बघ" असे म्हणतात ते याच कारणाने.

पंचांग चुन्याचे, रंग नवा

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधतो. घर रंगवण्याची आपली रूढ वेळ कोणती? पावसाळा सरता सरता, नवरात्र-दिवाळीच्या आधी. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो आणि ऑक्टोबरातही परतीच्या पावसाच्या सरी येतात. अशा वेळी भिंतींच्या पोटात भरपूर ओल असते. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीला चुना द्यायचा असेल तर ही वेळ वाईट नव्हती. चुन्याला ओल हवीच असते, शिवाय त्याचा थर सच्छिद्र असतो. भिंतीतील पाण्याची वाफ त्यातून सावकाश बाहेर पडते.

पण आजच्या बहुतेक घरांत चुना नाही. विटांची भिंत, सिमेंटचा गिलावा आणि वर इमल्शन किंवा ऑइल पेंट असा प्रकार असतो. इमल्शन रंगात पाण्यामध्ये प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. ऑइल पेंटमध्ये जवसाच्या तेलासारखे तेल किंवा त्यापासून केलेले रेझिन असते. ते हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. हे पापुद्रे, विशेषतः ऑइल पेंटचा, वाफेला सहज वाट देत नाहीत. आत ओल अडकली की ती बाहेर पडण्यासाठी रंगालाच ढकलते. फुगे येतात, पोपडे सुटतात. पाण्याबरोबर भिंतीतील क्षारही पृष्ठभागाकडे येतात आणि पाणी उडाल्यावर त्यांचे स्फटिक रंगाखाली वाढून रंग उचलतात.

म्हणजे रंग बदलला, पण रंगवण्याचे पंचांग आपण चुन्याचेच ठेवले! सणासाठी घाई करायची, ओल्या भिंतीवर नवा रंग चढवायचा आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला, कंपनीला किंवा रंगाऱ्याला दोष द्यायचा, असा क्रम अनेक घरांत दिसतो. खरा दोष बहुधा ओलीचा आणि आपल्या घाईचा असतो.

कोल्हापूरकरांना हा धडा महापुराने कठोरपणे दिला आहे. 2005, 2019 आणि 2021 साली पंचगंगेचे पाणी शहरात आणि नदीकाठच्या गावांत शिरले. 2019 साली तर अनेक घरांत ते दिवसेंदिवस साचून होते. पुरात बुडालेली भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून वाळायला काही महिनेही लागू शकतात. पुराची खूण डोळ्यांसमोर नको म्हणून ती लगेच रंगाखाली झाकण्याचा मोह होतो. तो मोह समजण्यासारखा आहे. पण भिंतीवर लावलेला पैसा त्यामुळे वाया जातो, आणि आधीच नुकसान झालेल्या घराला तो भुर्दंड परवडणारा नसतो.

रंगाऱ्याला काय ठाऊक असते?

"कुंचा फिरवायचा, त्यात काय आहे?" या वाक्याचा आता विचार करू. चांगला रंगारी कामाला आला की पहिल्या दिवशी रंगाचा डबा उघडतच नाही. तो भिंतीवर हात फिरवतो, बोटाने ठोकून पाहतो, जुने पोपडे पत्र्याने खरवडतो, भेगा लांबीने भरतो, पॉलिश पेपर मारतो, धूळ पुसतो, अस्तराचा हात देतो. रंगकामातील निम्म्याहून अधिक कष्ट रंग लावण्याच्या आधीचे असतात. ते दिसत नाहीत, म्हणून त्यांची किंमतही कोणी धरत नाही. स्वतः रंगवायला निघालेली माणसे नेमके हेच काम गाळतात. धुळीवर लावलेला रंग भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतो, आणि धूळ तर भिंतीला नुसती टेकलेली असते.

दुसरे कसब वेगाचे. इमल्शनचा पट्टा काही मिनिटांतच सुकू लागतो. शेजारचा पट्टा त्याची कड ओली असतानाच जोडावा लागतो. नाहीतर तेथे दोन थर एकावर एक बसून उन्हात स्पष्ट दिसणारी रेघ उमटते. रंगारी पंखा का बंद करतो आणि भिंत अर्ध्यावर सोडून चहाला का जात नाही, हे यावरून कळेल.

तिसरे म्हणजे पृष्ठभागाची पारख. सिमेंटचा नवा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. त्याच्यावर लगेच ऑइल पेंट दिला तर अल्कली आणि तेल यांची क्रिया होते. तुम्ही साबणीकरण शिकला आहात ना? तेच साबणीकरण भिंतीवर घडते आणि रंग चिकट होऊन खराब होतो. म्हणून नवा गिलावा महिनाभर तरी मुरू द्यावा लागतो आणि पुढे तो पुरता वाळेपर्यंत थांबावे लागते.

कोल्हापुरात तर 'पेंटर' हा शब्द कमीपणाचा कधीच नव्हता. बाबूराव मेस्त्री यांचा जन्म 1890 सालचा. ते आणि त्यांचे नातलग आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. त्या कामाने त्यांचे मूळ आडनाव मागे पडले आणि बाबूराव पेंटर हेच नाव रूढ झाले. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा विकत न आणता कोल्हापुरातच घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आला. स्वतःच्या हाताने करून पाहण्याची हिंमत आणि त्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेली मेहनत, या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या. आपण पहिली गोष्ट उचलतो आणि दुसरी विसरतो.

जुन्या रंगातील विष

आता मी ज्या मुद्द्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो, तो सांगतो. येथे प्रश्न पैशांचा किंवा सौंदर्याचा नाही, प्रकृतीचा आहे.

पूर्वी पांढऱ्या ऑइल पेंटसाठी शिशाचे कार्बोनेट, म्हणजे सफेता, वापरत. पिवळ्या रंगासाठी शिशाचे क्रोमेट, तर लोखंडी गजांवर अस्तर म्हणून शेंदूर, म्हणजे शिशाचेच तांबडे ऑक्साइड वापरत. शिसे शरीरात गेले की ते मज्जासंस्थेला इजा करते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि झालेली हानी भरून येत नाही. शिशाचे अमुक इतके प्रमाण सुरक्षित आहे असे आजवर आढळलेले नाही.

हे ज्ञान नवे नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 सालीच दाखवून दिले, की त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांच्या विषबाधेचे मूळ घराच्या व्हरांड्यांच्या रंगवलेल्या कठड्यांत आहे. उन्हाने रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हाताला लागे आणि हातावरून तोंडात जाई. 1921 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेता वापरण्यावर निर्बंध घालणारा ठराव संमत केला. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली ती 1978 साली. आपल्या देशात 2016 साली नियम झाले आणि नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दर दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक शिसे असता कामा नये असे बंधन आले. ज्ञान होते 1904 मध्ये आणि नियम झाले इतक्या वर्षांनी! विज्ञानाने सांगितलेली गोष्ट समाजाने अंगीकारण्यास किती काळ लागतो, याचे हे उदाहरण तुम्ही लक्षात ठेवावे.

नियम नव्या डब्यांना लागू आहे. जुन्या भिंतींना आणि दारांना नाही. जुन्या वाड्यांची दारे, चौकटी, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे यांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. हौसेने पॉलिश पेपर घेऊन कोणी ते कोरडेच घासू लागला, तर त्यातील शिशाची बारीक धूळ सगळ्या घरभर पसरते. ती अन्नावर, अंथरुणावर, रांगणाऱ्या बाळाच्या हातांवर बसते. असे जुने रंग कोरडे घासू नयेत आणि आगीच्या ज्योतीने जाळून तर काढूच नयेत. पृष्ठभाग पक्का असेल तर तो न छेडता वरून रंग द्यावा. खरवडणे भागच असेल तर पाण्याने ओला करून, तोंडाला चांगला धूळरोधक मास्क बांधून, जाणत्या माणसाने करावे. मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी त्या वेळी घरात थांबू नये.

पण मित्रहो, घरच्या माणसाने धूळ खाऊ नये म्हणून ती रंगाऱ्याने खावी, हा न्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याच्या व्यवसायातील संसर्ग कर्करोगास कारण ठरतो असे 1989 साली नोंदवले आणि पुढील फेरतपासणीतही तो निष्कर्ष कायम राहिला. आपण चार वर्षांतून एकदा चार दिवस रंगाचा वास घेतो. रंगारी वर्षभर घेतो. म्हणून रंगारी बोलावलात तर त्याच्यासाठी मास्क आणून देणे, खिडक्या उघड्या ठेवणे, मजबूत घोडा किंवा शिडी देणे आणि हात धुवायला साबण-पाणी देणे, हे घरमालकाचे कर्तव्य आहे असे मी मानतो.

मग करावे काय?

काही जण म्हणतील, घरोघरी लोक स्वतःच रंग देऊ लागले तर रंगाऱ्याच्या पोटाचे काय? प्रश्न योग्य आहे. पाश्चात्त्य देशांत मजुरी महाग, म्हणून तेथे घरमालक स्वतः रंगवू लागले. 1940 च्या सुमारास निघालेला रंगाचा रोलर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेले पाण्यात मिसळणारे रंग यांनी ते काम सोपे केले. आपल्याकडील परिस्थिती तशी नाही. येथे रंगाऱ्याची मजुरी हा त्याच्या घरातील चुलीचा आधार आहे. पण घरातील एखादी खोली आपण रंगवली म्हणून त्याचा धंदा बुडेल असे मला वाटत नाही. उलट ज्याने एक भिंत खरवडून, लांबी भरून, घासून स्वतः रंगवली आहे, तो मनुष्य पुन्हा कधी रंगाऱ्याशी मजुरीवरून घासाघीस करताना चार वेळा विचार करील.

शिवाय हाताने काम करणे हा शिक्षणाचाच भाग आहे. याच जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' ही रीत रुजवली. श्रम आणि विद्या यांची फारकत करू नये, हा त्यामागचा विचार होता. तो आपल्या घरातही लागू पडतो.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. कोरडी, पक्की, हाताच्या उंचीवरची भिंत आणि पाण्यात मिसळणारा रंग असेल, तर एखादी खोली घरच्या सर्वांनी मिळून जरूर रंगवावी. सर्वांनी म्हणजे खरोखरच सर्वांनी. वडील आणि मुले कुंचा घेऊन मिरवणार आणि नंतर फरशीवरचे शिंतोडे आई एकटी पुसणार, याला घरचे काम म्हणत नाहीत. ओल आलेली भिंत, जुना ऑइल पेंट, उंच छत, जिन्यावरची भिंत आणि परांचीवरून करायचे बाहेरचे काम मात्र कसबी माणसाकडेच द्यावे. ओलीचे मूळ फुटक्या कौलात, गळक्या नळात किंवा गच्चीच्या भेगेत असेल तर आधी गवंड्याला बोलवावे. रंगाने गळती थांबत नाही.

चुना विरवण्याचे काम मुलांनी करू नये. विरलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो. त्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. तसे झालेच तर चोळू नये. स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटे डोळ्यात सोडावी आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. शिडी भिंतीला टेकताना उंचीच्या चौथ्या भागाइतके अंतर पायथ्याशी ठेवावे; म्हणजे 8 फूट उंचीवर टेकणारी शिडी भिंतीपासून 2 फूट. विजेच्या बटणांच्या आसपास ओले फडके फिरवण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता निर्माण होते आणि ती कोंडली तर फडके आपोआप पेटते. उरलेला रंग गटारात ओतू नये. शहरातील नाले शेवटी पंचगंगेकडेच उतरतात.

करून पाहा

कुंचा हाती घेण्यापूर्वी पुढील तीन प्रयोग करा. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिला प्रयोग ओलीचा. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवसाने पाहा. तुकड्याच्या भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर भिंत ओली आहे, रंग थांबवा. थेंब बाहेरील बाजूस असतील तर ओल खोलीच्या हवेत आहे.

दुसरा प्रयोग भुकटीचा. काळे फडके भिंतीवर घासा. फडके पांढरे झाले तर जुना चुना किंवा पूड रंग सुटत आहे. तो खरवडून धुतल्याशिवाय नवा रंग धरणार नाही.

तिसरा प्रयोग पकडीचा. जुन्या रंगावर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटकन ओढा. पट्टीबरोबर रंगाचे पापुद्रे आले तर त्या रंगावर भरवसा ठेवू नका. जुन्या ऑइल पेंटवर मात्र हा प्रयोग करू नका.

आता थोडे गणित. खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 10 फूट उंच आहे. चार भिंतींचे क्षेत्रफळ 2 × (12 + 10) × 10 = 440 चौरस फूट. त्यातून 7 × 3 फुटांचे एक दार आणि 4 × 4 फुटांच्या दोन खिडक्या वजा करा : 440 − 21 − 32 = 387 चौरस फूट. एक लिटर रंग एका हाताला 120 चौरस फूट पुरतो असे धरू; प्रत्यक्षात डब्यावर दिलेला आकडा घ्यावा. दोन हातांसाठी 774 ÷ 120, म्हणजे सुमारे 6.5 लिटर रंग लागेल. दारे-खिडक्या वजा करायला विसरलात तर 7.3 लिटरचा हिशेब येईल आणि जवळजवळ एक लिटर रंग उरेल. आपल्या खोलीचा असाच हिशेब करा आणि वडीलधाऱ्यांना दाखवा.

शिक्षकांनाही एक विनंती. शाळेच्या इमारतीत कोणत्या भिंती ओल्या आहेत, त्या कोणत्या दिशेच्या आहेत, गळती कोठून येते, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून पावसाळ्यानंतर करून घ्यावा. प्लॅस्टिकचा प्रयोग दर पंधरा दिवसांनी केला, तर भिंत केव्हा वाळली हे तारखेनिशी कळेल. शक्य झाल्यास एखाद्या अनुभवी रंगाऱ्याला तासाभरासाठी वर्गात बोलवावे. लांबी कशी भरतात, पातळ-घट्ट कसे ओळखतात, हे तो हाताने दाखवील. त्यामागची कारणे शोधायचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे. फळ्यावरचे साबणीकरण आणि अपवर्तनांक एखाद्या भिंतीवर कसे भेटतात, ते त्यांना तेव्हा दिसेल.

येत्या नवरात्राच्या आधी घरात रंगाचा विषय निघेल, तेव्हा लगेच "आपणच देऊ" किंवा "रंगारी बोलवा" असे म्हणू नका. प्लॅस्टिकचा एक तुकडा आणि चिकटपट्टी घ्या आणि आधी भिंतीला विचारा. ती ओली निघाली, तर "रंग दिवाळीनंतर, हिवाळ्यात देऊ" असे घरच्यांना सांगायला कचरू नका. सण जुन्या भिंतींतही साजरा होतो.